जुन्या मोटारीची राखण : डेल्को, साखळी आणि शंभर रुपयांचं बटण

नांदेड-लातूरकडे चालू अवस्थेतल्या फियाट आणि ॲम्बॅसिडर आता कमीच उरल्या आहेत, पण ज्या आहेत त्या कुठं उभ्या असतात हे गावातल्या बहुतेकांना ठाऊक असतं. वकिलांच्या जुन्या घरापुढं कडुनिंबाखाली, दवाखान्यामागच्या पत्र्याच्या शेडात, आडत दुकानाच्या बोळात, नाही तर शेतातल्या आखाड्यावर. वर्षानुवर्षं एकाच जागी उभी राहणारी मोटार पत्ता सांगायची खूण होऊन बसते. ‘हिरव्या फियाटच्या पुढचं घर’ असं पाहुण्याला सांगता येतं. चोरालाही ते तेवढंच सोयीचं असतं.

माझ्या मावसभावाची लातुरातली फियाट अशीच खुणेची गाडी होती. एका रात्री ती दारातून गेली आणि नवव्या दिवशी कर्नाटकाच्या हद्दीजवळ एका पडीक रानात सापडली. दारं, कार्बोरेटर, डेल्को, डायनामो आणि पुढची काच एवढं काढून घेतलेलं होतं. विमा फक्त तृतीय पक्षाचा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा; स्वतःच्या गाडीच्या चोरीशी त्याचा काही संबंध नसतो. गाडीची बाजारातली किंमत फार नव्हती, त्यामुळं ठाण्यातही कुणाला त्यात विशेष काही वाटलं नाही. पण ती गाडी माझ्या काकांनी अंबाजोगाईच्या दवाखान्यापासून हैदराबादच्या लग्नापर्यंत सगळीकडे नेलेली. तिच्या दारांची जोडी पुन्हा मिळाली नाही. ती आता मिळतही नाही, आणि या लेखाचं कारण तेच आहे. नवी गाडी चोरीला गेली तर पैसे जातात. जुनी गेली की तिच्या जागी दुसरी आणता येत नाही. तिची राखण मात्र बहुधा तिच्या एका वेळच्या सर्व्हिसिंगपेक्षा कमी पैशांत होते. गेली दोन-तीन वर्षं मी नांदेडच्या आणि लातूरच्या गॅरेजांत बसून, मिस्त्रींना विचारून आणि मिळेल ते वाचून ही राखण समजून घेत आलो आहे.

आपल्याकडची जुनी मोटार म्हणजे तीन-चार नावंच. वालचंद हिराचंद हे मूळचे सोलापूरचे. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढं इटलीच्या फियाटचे परवाने घेऊन गाड्या निघू लागल्या. ११०० डिलाइट, प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी ही त्याच घराण्याची नावं, पण मराठवाड्यात सगळ्या ‘फियाट’च राहिल्या. इंजिन १०८९ सीसीचं. बंगालात उत्तरपाड्याला हिंदुस्तान मोटर्सनं मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यावर ॲम्बॅसिडर बनवली, ती १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून थेट २०१४ च्या मे महिन्यापर्यंत. जिल्हाधिकारी, साखर कारखान्याचे चेअरमन, आमदार यांची ती गाडी. आणि महिंद्राची जीप. १९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा खचलेल्या रस्त्यांवरून आत जाणारी गाडी म्हणून ती इकडच्या लोकांच्या आठवणीत आहे. नंतर काळ्या-पिवळ्या रंगात तिनं गावोगावची माणसं वाहिली.

या गाड्यांचं उत्पादन थांबल्यावर त्यांचे सुटे भाग हाच त्यांचा खजिना झाला. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवलेली होती; टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळं २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. तोवर मुंबईच्या टॅक्सींमुळं पद्मिनीच्या सामानाला गिऱ्हाईक होतं, म्हणून ते बनतही होतं आणि भंगारातून निघतही होतं. तो झरा आता आटत चालला आहे. जुन्या गाडीच्या चोराला बऱ्याचदा गाडी नको असते, ती ज्या दोनशे वस्तूंची बनलेली आहे त्या वस्तू हव्या असतात. राखणीची उपाययोजना करताना हे लक्षात ठेवावं लागतं, कारण गाडी जागेवरून हलू न देणं आणि तिचे भाग विकता येऊ न देणं ही दोन वेगळी कामं आहेत.

चोरांचं लक्ष जुन्या गाडीकडेच का वळतं, याचं उत्तर मला एका परदेशी अभ्यासात सापडलं. पश्चिम जर्मनीत १९६०च्या दशकाच्या आरंभी सगळ्याच मोटारींना, नव्या आणि जुन्याही, स्टिअरिंगचं कुलूप सक्तीचं झालं. किल्ली काढली की स्टिअरिंग अडकतं, तेच हे कुलूप. तिथल्या मोटारचोऱ्या घटल्या आणि घटलेल्याच राहिल्या. ब्रिटननं दहा वर्षांनी हेच केलं, पण १९७१ पासून फक्त नव्या गाड्यांना. तिथं पॅट मेह्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये लंडनच्या चोऱ्यांचा हिशेब मांडला. १९६९ मध्ये पळवलेल्या गाड्यांत नव्या गाड्या साधारण पाचात एक होत्या. १९७३ मध्ये त्या वीसात एक राहिल्या. पळवापळवी मात्र थांबली नव्हती, ती बिनकुलपाच्या जुन्या गाड्यांकडे सरकली होती. पुढं युरोपात १९९८ पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर, म्हणजे किल्लीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा, सक्तीची झाली. नेदरलँड्सच्या आकड्यांवर काम करणाऱ्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तिच्यामुळं मोटारचोरी सुमारे चाळीस टक्क्यांनी घटल्याचं दाखवलं. आपल्याकडच्याही नव्या गाड्यांत आता ती चिप सर्रास असते. कळपातली बाकीची जनावरं शहाणी झाली की लांडगा म्हाताऱ्या गाईकडे वळतो. आपल्या फियाटचं स्थान सध्या त्या गाईचं आहे.

*

आता यंत्राकडे. नांदेडच्या एका मिस्त्रींनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, “सर, हिची किल्ली म्हणजे नुसतं बटण आहे बगा. किल्ली कशाला लागतीय?” ते अक्षरशः खरं आहे. जुन्या पेट्रोल गाडीची किल्ली काहीच ओळखत नाही. ती बॅटरीचा प्रवाह इग्निशन कॉइलकडे जाऊ देते, बस. कुलूप झिजलेलं असलं तर दुसऱ्याच फियाटची किल्ली, कधी कधी तर कपाटाचीही, त्यात फिरते.

कॉइलमध्ये एकात एक गुंडाळलेली तांब्याची दोन वेटोळी असतात. बाहेरच्या जाड तारेतून बॅटरीचे बारा व्होल्ट वाहतात. हा प्रवाह एकदम तोडला की आतल्या बारीक तारेत हजारो व्होल्टचा झटका तयार होतो आणि त्याची ठिणगी स्पार्क प्लगमध्ये पडते. प्रवाह तोडण्याचं काम डेल्कोतले ‘पॉइंट’ करतात, आणि झटका कोणत्या सिलिंडरला द्यायचा ते वर फिरणारा छोटा रोटर ठरवतो. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर सेकंदाला शंभर ठिणग्या पडतात. रोजच्या रोज, पन्नास वर्षं.

हा डेल्को शब्द आपल्याकडच्या प्रत्येक गॅरेजात आहे, पण तो आला कुठून हे सांगणारा मिस्त्री मला भेटला नाही. इंग्रजीत त्या डब्याला डिस्ट्रिब्यूटर म्हणतात. अमेरिकेत ओहायोतल्या डेटन गावी चार्ल्स केटरिंग नावाचा इंजिनिअर दुकानांतल्या गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत कामाला होता. त्यानं १९०९ मध्ये डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी काढली. तिच्या आद्याक्षरांचा डेल्को झाला. बॅटरीवर चालणारी ही ठिणगीची पद्धत त्याची, आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आलेला सेल्फ स्टार्टरही त्याचाच. त्याच्या कंपनीचं नाव वस्तूलाच चिकटलं आणि बोटीतून मुंबईला उतरून, हैदराबादेतून की सोलापुरातून कोण जाणे, देगलूर नाक्यावरच्या गॅरेजात येऊन बसलं. वनस्पती तुपाला डालडा म्हणावं तसं.

चोर गाडी ‘डायरेक्ट’ करतो म्हणजे काय, ते आता सांगता येईल. किल्लीला वगळून तो कॉइलला परस्पर प्रवाह देतो. तपशिलात जाण्याचं कारण नाही. पण एवढं समजलं की कोणती राखण पोकळ आणि कोणती पक्की, ते आपोआप उलगडतं.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त बसवली जाणारी युक्ती म्हणजे चोरबटण. डॅशबोर्डखाली कुठं तरी लपवलेला साधा स्विच. बहुतेक गॅरेजांत तो किल्ली आणि कॉइल यांच्यामधल्या तारेत बसवतात. बटण बंद असेल तर किल्ली फिरवूनही कॉइलला प्रवाह जात नाही. बटणाची किंमत पन्नास ते शंभर रुपये. पण हीच ती जागा, जी चोर वगळून जातो! तो कॉइलला परस्पर प्रवाह देणार असेल, तर त्याच्या वाटेत हे बटण येतच नाही. किल्लीवर भरवसा ठेवणाऱ्या पोराटोरांपुरतं ते ठीक आहे.

लातुरात एका वयस्क इलेक्ट्रिशियननी मला दुसरी रीत दाखवली, आणि माझ्या मते या सगळ्या लेखात उपयोगाची गोष्ट हीच. कॉइलला दोन टोकं असतात. एकाला किल्लीकडून प्रवाह येतो, दुसऱ्यातून तो डेल्कोतल्या पॉइंटकडे जातो. या दुसऱ्या टोकापासून एक तार काढून लपवलेल्या बटणामार्फत गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे अर्थला, जोडायची. गाडी लावताना बटण चालू करायचं. आता पॉइंट कितीही उघडोत-मिटोत, प्रवाहाला अर्थकडे जायचा दुसरा रस्ता कायम मोकळा असल्यामुळं तो तुटतच नाही. आणि तो तुटत नाही म्हणून ठिणगी पडत नाही. चोरानं कॉइलला कुठूनही प्रवाह दिला तरी हेच होणार. सेल्फ घर्रघर्र फिरतो, इंजिन काही उठत नाही. त्याला वाटतं, गाडी बंदच पडलेली आहे. शिवाय या बटणात किंवा तारेत बिघाड होऊन जोड सुटला तर राखण जाते, पण गाडी चालू राहते. पहिल्या रीतीत जोड सैल झाला तर रात्री अहमदपूर आणि लोह्याच्या मधे कुठं तरी तुम्ही उभे.

दोन गोष्टी मात्र पाळाव्या लागतात. बटण अर्थवर ठेवून किल्ली चालू राहू द्यायची नाही, कारण प्रवाह सतत वाहत राहिला की कॉइल तापते. आणि जास्तीची तार कोरी, लालभडक वापरायची नाही. बॉनेट उघडल्यावर पन्नास वर्षांच्या काळपट तारांत ती नवरदेवासारखी दिसते. जुनी तार, जुन्या जुडग्यातून नेलेली, वरून कापडी पट्टी. जोड पिळून नव्हे, टर्मिनल दाबून करावा. बटण दहा अँपिअरचं तरी असावं.

ज्याला बटणही नको त्याच्यासाठी रोटर आहे. डेल्कोचं झाकण दोन क्लिपा सरकवून निघतं. आतला अंगठ्याएवढा बॅकेलाइटचा तुकडा उचलून खिशात टाकायचा. खर्च शून्य. १९४० च्या उन्हाळ्यात जर्मन छत्रीधारी सैनिक उतरतील या भीतीनं ब्रिटनमध्ये मोटार उभी करताना ती निकामी करून ठेवणं कायद्यानं बंधनकारक झालं होतं, आणि लोक हेच करत. त्याच युद्धातल्या बऱ्याच जीपना तर किल्लीच नव्हती. फिरवायची एक दांडी होती. सैनिक ती कुणीही पळवू नये म्हणून स्टिअरिंगला साखळी घालत. रोज भाजी आणायला जाणाऱ्यानं रोटर काढत बसू नये, क्लिपा ढिल्या होतात आणि गरम इंजिनावर हात भाजतो. पण महिना-महिना उभ्या राहणाऱ्या गाडीला याहून सोपी राखण नाही. फियाटचाच चोर असेल तर तो स्वतःचा रोटर घेऊन येईल, हे खरं. अशा चोराला बटण आणि रोटर दोन्ही लागतात.

हे सगळं पेट्रोलचं झालं. मराठवाड्यात पुष्कळ ॲम्बॅसिडर आणि बहुतेक जीप डिझेलच्या आहेत, आणि तिथं वरची एकही युक्ती चालत नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून तापते आणि इंधन आपोआप पेट घेतं. एकदा सुरू झालं की जुन्या डिझेल इंजिनाला विजेची गरजच उरत नाही, म्हणूनच ते बंद करायला वेगळी दोरी ओढावी लागते. उतारावरून ढकलून गिअर टाकला तरी ते उठतं. जीपवाल्यांना चोरबटण विकणारे दुकानदार मी पाहिले आहेत. त्यांना हसावं की रडावं कळत नाही. डिझेल गाडीत रोखायचं ते इंधन. टाकी आणि पंप यांच्यामधल्या नळीत पितळेची साधी चावी, स्कूटरला असते तशी, चांगल्या क्लिपा लावून बसवता येते. पेट्रोल गाडीतही ती चालते, पण एक अडचण आहे. कार्बोरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर गाडी थोडी पुढं जाते आणि मग भर रस्त्यात थांबते. चोर ती तिथंच सोडून पळतो, हा फायदा. ट्रकच्या वाटेवर दिवे नसलेली गाडी उभी राहते, हा तोटा. आणि उन्हानं तडकलेली रबरी नळी म्हणजे आगीला निमंत्रण. ती आधी बदलावी.

बॅटरीच्या ऋण टोकावर बसणारा फिरकीचा कटऑफ दोनशे-तीनशे रुपयांत येतो. चोरीसाठी तो दुय्यम, कारण बॉनेट उघडलं की समोरच दिसतो. पण जुन्या वायरिंगमुळं लागणाऱ्या आगी तो टाळतो आणि उभ्या गाडीची बॅटरी राखतो, म्हणून तो असावाच. इंजिन चालू असताना तो कधीही फिरवू नये. युद्धकाळातल्या मूळ जीप सहा व्होल्टच्या आहेत. तुमची तशीच राखलेली असेल तर बारा व्होल्टचं कोणतंही उपकरण घेण्यापूर्वी हे दुकानदाराला सांगा.

*

लोखंडाची साधनं यापेक्षा सोपी, आणि मला वाटतं थोडी जास्त आश्वासक, कारण ती दिसतात. स्टिअरिंगला आडवी बसणारी दांडी हजार-बाराशेला मिळते. तिचं पोलाद बरं असलं तरी स्टिअरिंगचं चाक कापता येतं. फियाटचं बारीक चाक तर फारच लवकर. त्यापेक्षा ब्रेकच्या पायंडलापासून स्टिअरिंगपर्यंत जाणारी दांडी किंवा जाड साखळी आणि चांगलं कुलूप हे बरं. एका वेळी पाय आणि हात दोन्ही बांधले जातात. तयार मिळणारे गिअर-लॉक मात्र जपून घ्यावेत. ते जमिनीवरच्या गिअरसाठी असतात, आणि आपल्या बहुतेक फियाटचा व जुन्या ॲम्बॅसिडरचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असतो. दुकानदार ‘बसवून देतो’ म्हणतो, नंतर वेल्डिंग करतो, आणि गाडीचं वाटोळं होतं. याच गाड्यांच्या पुढच्या दारांना ती तिरकी, त्रिकोणी, हवेसाठीची काच असते. तिची खिटी झिजलेली असली तर दार उघडायला काही लागतच नाही. शंभर रुपयांत खिटी बदलून मिळते, आणि ती बदलणारे मालक फार थोडे.

दिसणारी राखण की लपलेली, हा वाद गॅरेजांत रंगतो. अमेरिकेतल्या इयान आयर्स आणि स्टीव्हन लेविट यांनी १९९८ मध्ये लोजॅक नावाच्या लपवलेल्या रेडिओ प्रक्षेपकाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तो गाडीत आहे हे बाहेरून कळत नाही, त्यामुळं चोराला प्रत्येकच गाडीची धास्ती वाटू लागते, आणि शहरातल्या एकूण चोऱ्या कमी होतात. दिसणारं कुलूप चोराला शेजारच्या गाडीकडे पाठवतं. न दिसणारं यंत्र शेजाऱ्यालाही राखतं. तर्क बिनतोड आहे. पण एका गल्लीत एकच फियाट असेल तर तो लागू पडत नाही, तिथं चोर फियाटसाठीच आलेला असतो. म्हणून मी दोन्ही करा म्हणतो : दिसायला साखळी, आत अर्थचं बटण.

गाडी गेल्यावर ती शोधणाऱ्या यंत्रांचं कौतुक सध्या फार आहे. त्यांत दोन जाती आहेत आणि विकताना त्यांची सरमिसळ होते. जीपीएस ट्रॅकर उपग्रहांवरून स्वतःची जागा काढतो आणि आतल्या सिमकार्डावरून ती तुमच्या फोनला कळवतो. दोन-अडीच हजारांपासून मिळतो, वर्षाचं सिमचं भाडं वेगळं. तो सतत थोडा प्रवाह खातो, त्यामुळं उभ्या गाडीची बॅटरी काही आठवड्यांत बसू शकते. आणि कटऑफ फिरवला की तोही झोपतो. म्हणून स्वतःची छोटी बॅटरी असलेलाच घ्यावा. दुसरी जात नाण्याएवढ्या ब्लूटूथ टॅगची, ॲपलचा एअरटॅग त्यातला प्रसिद्ध. त्याला ना जीपीएस ना सिम. जवळून जाणाऱ्या इतरांच्या फोनांमार्फत तो आपली जागा कळवतो. नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत असे फोन ढिगानं. मुखेड तालुक्यातल्या एखाद्या आखाड्यावर गाडी ताडपत्रीखाली झाकली तर टॅग दिवसच्या दिवस मुका राहील. शिवाय पाठलागाचा गैरवापर टाळण्यासाठी हा टॅग अनोळखी सोबत्याच्या फोनवर सूचना पाठवतो. चोराच्या खिशात तसा फोन असेल तर त्यालाच आधी कळतं. नाण्याची बॅटरी साधारण वर्षभर पुरते. आपल्या मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेली तेवढीही नाही. सीटच्या आत, सावलीत ठेवावा.

आपल्या दोन जिल्ह्यांचा नकाशा चोराच्या बाजूचा आहे. उदगीर ओलांडलं की बीदर जिल्हा, देगलूरच्या पुढं एकीकडे तेलंगण आणि दुसरीकडे कर्नाटक, बिलोलीहून बोधन, किनवटहून आदिलाबाद. १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख हैदराबाद राज्यातला, नातीगोती आणि बाजार अजूनही सीमा मानत नाहीत. मात्र तक्रार एका राज्यात, गाडी दुसऱ्यात आणि भाषा तिसरी, अशी तपासाची गत होते. तिथं उपयोगी पडते ती कागदाची आणि खुणांची राखण. जुन्या गाड्यांच्या नोंदी मूळच्या रजिस्टरात. त्या परिवहन खात्याच्या ‘वाहन’ या संगणकीय नोंदवहीत चढल्या नसतील, तर परराज्यातल्या पोलिसाला क्रमांक टाकून काहीच दिसत नाही. लातूर (एमएच २४) किंवा नांदेडच्या (एमएच २६) कार्यालयात जाऊन ही राहिलेली नोंद चढवून घेता येते. खेपा पडतात, पण करावं. इंजिनाच्या आणि चासीच्या क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलनं घासलेली छाप घरात असावी. पाच-सहाशे रुपयांच्या कोरणीच्या यंत्रानं गाडीचा क्रमांक काचांवर, कार्बोरेटरवर, डेल्कोच्या बुडाशी, डायनामोवर, दारांच्या आतल्या कडेला कोरून ठेवावा. भागांसाठी चोरणाऱ्याला याचाच त्रास होतो : क्रमांक कोरलेली काच कोण घेणार? माझ्या मावसभावाच्या गाडीला हे केलेलं असतं तर दारं परत आली असती असं मी म्हणत नाही, पण ती कुणाची, हे एखाद्या भंगारवाल्याला नाकारता आलं नसतं.

केंद्र सरकारनं २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ असा वर्ग केला. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, ती दहा वर्षं चालते, क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरं येतात; आधी नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. रोजच्या धंद्याला मग ती वापरता येत नाही. १९७४ च्या पहिल्या पद्मिनी आता या वर्गात बसतात. विम्याचं थोडक्यात सांगतो. चोरीची भरपाई हवी तर स्वतःच्या नुकसानीचा विमा हवा, आणि पाच वर्षांपुढच्या गाडीची विम्यातली किंमत कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवायची असते. ती न बोलता मान्य करू नये. दुरुस्तीच्या पावत्या आणि फोटो घेऊन बसावं. देशाच्या जुन्या मोटार विमा दरपत्रकात पुण्याच्या एआरएआय या संस्थेनं मान्य केलेल्या चोरीविरोधी यंत्राला अडीच टक्के, जास्तीत जास्त पाचशे रुपये सूट होती, विचारून पाहावं. घरी बसवलेलं अर्थचं बटण त्यात येत नाही, कितीही चांगलं असलं तरी.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याच यंत्राच्या डब्यावर लिहिलेली नसते. चोरबटणाची जागा घरातल्या आणखी एका माणसाला माहीत असली पाहिजे. रात्री दोनला कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर ‘ते गावाला गेलेत’ म्हणून चालत नाही. लातूरच्या त्याच इलेक्ट्रिशियननी सांगितलेली हकिगत आहे. त्यांच्या ओळखीचे एक वकील वारले. त्यांची फियाट नंतर कुणालाच सुरू करता येईना. दोन मिस्त्री येऊन गेले. एकानं कॉइल बदलली, दुसऱ्यानं इंजिन खोलावं लागेल म्हणून सांगितलं. अकरा महिने गाडी अंगणात उभी राहिली आणि भंगारवाला भाव करून गेला. मग वकिलांच्या पत्नीनं यांना बोलावलं. यांनी डेल्कोपासून निघालेली एक जास्तीची, कापडी पट्टीत गुंडाळलेली तार हातानं चाचपत आत नेली, ती राखदाणीच्या मागं जाऊन थांबली. वकीलसाहेब सिगारेट ओढत नव्हते, त्यामुळं ती राखदाणी कधी कुणी उघडलीच नव्हती. बटण खाली केलं, नवी बॅटरी लावली आणि तिसऱ्या सेल्फला गाडी उठली. बाई म्हणाल्या, “भाऊ, ते बटण आता काढू नका. फक्त माझ्या मुलाला दाखवून ठेवा.”